मधले तात्या

आमच्या घरात गेली पन्नास वर्षे पितृपक्षात ज्या फोटोसमोर खिरीची वाटी ठेवली जाते, तो फोटो आमच्या पणजोबांचा नाही, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले. कोणी येऊन सांगितले असे नव्हे. एका जुन्या फोटोतील सत्तावीस माणसांना क्रमांक देऊन, त्यांच्या गळ्यातील पट्ट्यांना लटकणारी चिन्हे भिंगातून न्याहाळत मी तीन महिने जो उद्योग केला, त्याच्या शेवटी हा निष्कर्ष माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि तो टाळण्याचे जेवढे मार्ग सुचले तेवढे सगळे चोखाळून झाल्यावरही तो जागचा हलला नाही.

गिरगावातील आमची वाडी पुनर्विकासासाठी रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली गेली. तिच्यात दवाखान्याच्या निळ्या बाटल्या होत्या, जुन्या मासिकांचे गठ्ठे होते आणि त्यांच्या तळाशी, धोतराच्या पानात गुंडाळलेला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक मोठा फोटो होता. भिंतीवर ज्यांना आम्ही तात्या म्हणून ओळखत आलो त्यांचा चेहरा याच फोटोतून उचलून मोठा केलेला आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मूळ फोटो मात्र माझ्या पिढीतील कोणी पाहिलेला नव्हता. पणजोबांना घरचेदारचे सगळे तात्याच म्हणत. ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल. एम. अँड एस. होऊन त्यांनी ठाकूरद्वारला दवाखाना घातला, आणि १९४६ साली ते वारले. ते 'लॉज'चे, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेचे, सभासद होते, एवढीच त्यांच्या आयुष्याच्या त्या बाजूविषयी घरात चालत आलेली माहिती. लॉज म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एसटी स्टँडसमोरची खोल्या भाड्याने देणारी जागा येते, त्यामुळे आमच्या लहानपणी 'तात्या दर महिन्याला लॉजवर जात' हे वाक्य कोणी उच्चारले की मोठी माणसे घाईने खुलासा करीत आणि तो खुलासा ऐकून आमचा गोंधळ अधिकच वाढे.

फोटो साधारण दहा इंच बाय बारा इंचांचा आहे. गडद भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर झाक चढलेली आहे. जिलेटिनच्या थरातील चांदी दमट हवेने हळूहळू पृष्ठभागावर येते तेव्हा असे होते, आणि मुंबईच्या हवेला त्यासाठी फार वर्षे लागत नाहीत. पुठ्ठ्याची खालची पट्टी, जिच्यावर अशा फोटोंत बसलेल्यांची आणि उभ्या असलेल्यांची नावे ओळीने लिहिलेली असतात, ती कापून टाकलेली आहे. कधीतरी कोणा फ्रेमवाल्याकडे तयार चौकट होती, फोटो तिच्यात मावत नव्हता, आणि त्याने सरळ कात्री चालवली असावी. कापलेल्या कडेला एका इंग्रजी अक्षराचा वरचा अर्धा भाग तेवढा शिल्लक आहे. तो 'एस' आहे की 'जी', यावर मी एक अख्खा रविवार घालवला आहे. पाठीमागे थोरल्या काकांच्या अक्षरात, बॉलपेनने, दोनच शब्द आहेत: 'ती. तात्या', आणि पुढे एक रेघ मारून 'मधले'. शाई पुठ्ठ्यात मुरून जांभळी झाली आहे. काका आता नाहीत, तेव्हा हे त्यांना कोणी सांगितले की त्यांनीच ठरवले, हे विचारायची सोय उरलेली नाही.

पहिल्या दिवशी आम्ही जे केले ते सगळेच करतात. फोटो मधे ठेवला, सगळे भोवती जमलो आणि चेहरे पाहू लागलो. पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या, गोल काळी टोपी घातलेल्या गृहस्थांकडे बोट दाखवून चुलतभाऊ म्हणाला, "नाक बघ, आपलंच आहे." बहिणीला त्यांच्या कपाळात आमचे वडील दिसले. मलाही दिसले, हे कबूल केले पाहिजे. घराण्याचे नाक शोधायला बसले की ते सापडतेच. ते ज्याच्या चेहऱ्यावर सापडले तो माणूस आपल्या घराण्यातला आहे की नाही याची नाकाला काही पर्वा नसते.

खरे शिकवले ते एका वृद्ध गृहस्थांनी. ते स्वतः फ्रीमेसन आहेत, आणि एका स्नेह्याच्या ओळखीने मला भेटले. मुंबईतील फ्रीमेसन्स हॉल फोर्टात, स्टर्लिंग चित्रपटगृहाजवळ आहे. ज्या रस्त्याला पूर्वी रॅव्हलिन स्ट्रीट म्हणत आणि आता डी. सुखाडवाला मार्ग म्हणतात, त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो आहे आणि त्या इमारतीकडे कधी मान वर करून पाहिलेले नाही. त्याच भागातल्या एका इराण्याकडे चहा घेताना त्यांनी माझ्या टॅबलेटवरचा फोटो मिनिटभर पाहिला आणि म्हणाले, "चेहरे बघू नका. गळ्याखाली बघा."

गळ्याखाली काय असते हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. फ्रीमेसन म्हणजे शब्दशः गवंडी. ही मंडळी आपली सगळी प्रतीके मध्ययुगीन पाथरवटांच्या हत्यारांवरून घेतात, आणि गंमत अशी की ही प्रतीके समजून घ्यायला आपल्याकडचा कोणताही गवंडी अधिक उपयोगी पडेल. लॉजच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात आणि त्याच्या कॉलरला, म्हणजे गळ्यातल्या रुंद पट्ट्याला, गुण्या लटकतो, तोच काटकोन तपासायचा गुण्या. त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनला पाणसळ, ज्युनियर वॉर्डनला ओळंबा. खजिनदाराला किल्ली, चिटणिसाला एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन लेखण्या, प्रार्थना म्हणणाऱ्या चॅप्लेनला उघडे पुस्तक, निरोप नेणाऱ्या डीकनना चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेले कबुतर, आतल्या दारावरच्या पहारेकऱ्याला दोन तलवारी आणि बाहेरच्या दारावरच्या टायलरला एकच तलवार. ज्याने मास्टरपद भूषवून झाले आहे त्याच्या गुण्याच्या आत एक चांदीची पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातले सत्तेचाळिसावे प्रमेय कोरलेले असते, म्हणजे आपण शाळेत घोकलेले पायथागोरसचे प्रमेय. या चिन्हांना ते ज्वेल म्हणतात. थोडक्यात, ज्याला वाचता येते त्याच्यासाठी अशा फोटोतील प्रत्येक पदाधिकारी आपल्या हुद्द्याची पाटी गळ्यात अडकवूनच बसलेला असतो, आणि आम्ही इतके दिवस पाट्या सोडून नाके वाचत होतो.

मी फोटो बाराशे डीपीआयवर स्कॅन केला, त्याची छापील प्रत काढली, तिच्यावर ट्रेसिंग पेपर लावून प्रत्येक डोक्याच्या जागी क्रमांक घातला. पहिली रांग बसलेली, नऊ जण. दुसरी उभी, दहा जण. तिसरी बाकावर उभी, आठ जण. डावे-उजवे नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूने मोजायचे असे ठरवून ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, कारण फोटोतल्या माणसाचे डावे आणि आपले डावे यांची गल्लत केव्हा होईल याचा नेम नसतो. फोटो उलटा छापलेला नाही ना, हे कोटांच्या गुंड्यांवरून पाहिले. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, तशी ती आली होती.

पुढचा अडथळा रंगांचा होता आणि त्यात मी चांगलाच फसलो. इंग्लिश ग्रँड लॉजखालील, म्हणजे इंग्लंडच्या मध्यवर्ती संस्थेखालील, लॉजमध्ये मास्टर मेसनच्या, म्हणजे तिसरी पायरी गाठलेल्या सभासदाच्या, कमरेच्या पांढऱ्या एप्रनला आकाशी निळा काठ असतो, आणि नवशिक्याचे एप्रन कोरे पांढरे असते. फोटोतील बहुतेक एप्रने मला कोरी दिसली, म्हणून ही सगळी नवशिक्यांची रांग आहे असे मी ठरवून टाकले. नंतर लक्षात आले की त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. आकाशी निळा त्यांच्यावर पांढरा उमटतो आणि तांबडी पगडी काळी ठार दिसते. आभाळ अशा फोटोंत कोऱ्या कागदासारखे का असते, याचेही कारण हेच. मग पुन्हा भिंग घेतले. काठ रंगावरून नव्हे, रेशमाच्या चकाकीवरून आणि शिवणीच्या सावलीवरून दिसू लागले, आणि एप्रनांवरची लहान चिन्हे वेगळी करता आली: बहुतेकांवर फितीची गोल फुले, पण पाच जणांवर त्या फुलांच्या जागी उलट्या धरलेल्या इंग्रजी 'टी'च्या आकाराचे धातूचे तुकडे. ते तुकडे मास्टर आणि माजी मास्टर यांनाच मिळतात. म्हणजे सत्तावीसपैकी पाच जण या वा दुसऱ्या लॉजचे आजीमाजी मास्टर होते. मधले गृहस्थ त्या पाचांत होते.

याच सुमारास ट्रंकेतल्या चामडी पाकिटातून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, लंडनच्या ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र: तीन खांबांचे चित्र, त्यांच्या मधल्या जागेत एकीकडे इंग्रजी आणि दुसरीकडे लॅटिन मजकूर, आणि समासात तात्यांची सही. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर जी घाईची सही असे ती ही नव्हे. कोणीतरी समोर उभे राहून करून घेतलेली, प्रत्येक अक्षर सुटे काढलेली सही. त्यावर लॉजचे नाव आणि नंबर होता. तो मी येथे देत नाही, कारण फोटोतली इतर सव्वीस माणसे इतर कोणाची तरी पणजोबा-खापरपणजोबा आहेत आणि माझे सगळे निष्कर्ष सारख्या तोलाचे नाहीत. मास्टरच्या आणि दोन्ही वॉर्डनच्या मनगटांवर त्या काळी रुंद, कशिदा केलेले कफ असत आणि त्यांवर बहुधा लॉजचा नंबर भरलेला असे. फोटोतील एका वॉर्डनचा हात मांडीवर अशा रीतीने ठेवलेला आहे की कफावरचे शेवटचे दोन आकडे सरळ वाचता येतात, आणि ते प्रमाणपत्रावरच्या आकड्यांशी जुळतात. असे नंबर जुळवताना एक सांभाळावे लागते. १९६१ साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाल्यावर जी लॉज तिच्याखाली गेली त्यांना नवे नंबर मिळाले, म्हणून आजच्या यादीत जुना नंबर शोधणारा भलत्याच लॉजच्या दारात जाऊन उभा राहण्याचा संभव असतो.

प्रमाणपत्रामुळे तात्यांची नोंदही सापडली. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची १७५१ ते १९२१ या काळातील सभासदांची नोंदवही आता इंटरनेटवर पाहता येते आणि तीत हिंदुस्थानातील लॉजही आहेत: नाव, वय, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि तिन्ही पायऱ्यांच्या तारखा. लंडनमधल्या कारकुनाने आपली नावे कशी उतरवून घेतली आहेत ते पाहण्यासारखे आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली रीत त्याच्या रकान्यांत बसत नाही, त्यामुळे कित्येक मराठी माणसे वडिलांच्या नावाखाली नोंदली गेली आहेत. तात्याही तसेच आहेत. आडनावाने शोधून मी थकलो, आणि शेवटी खापरपणजोबांच्या नावाखाली, चौतीस वर्षांचे, वैद्यकीय व्यवसाय करणारे, मुंबईचे तात्या १९१९ सालच्या नोंदीत मिळाले.

यावरून फोटो १९१९ नंतरचा एवढे ठरले. त्याहून जवळचा पुरावा मधल्या गृहस्थांच्या गळ्यात होता. गुण्याच्या कॉलरखेरीज त्यांनी एक अरुंद फीत घातलेली आहे आणि तिला क्रुसाच्या आकाराचे पदक आहे. मोठे करून पाहिल्यावर मधे पंख असलेली आकृती दिसते आणि क्रुसाच्या आडव्या बाहूंवर आकडे. डावीकडचे १९१४ मला स्वच्छ वाचता आले. याला हॉल स्टोन ज्वेल म्हणतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सभासदांचे स्मारक म्हणून लंडनमध्ये नवा फ्रीमेसन्स हॉल बांधायचे ठरले, त्यासाठी १९१९ पासून दहा लाख पौंडांचा निधी गोळा होऊ लागला, आणि ज्या लॉजने सभासदामागे सरासरी दहा गिनी दिल्या त्या लॉजला हे पदक मिळाले. लॉजचा मास्टर ते आकाशी फितीत गळ्यात घालतो. १९३३ मध्ये लंडनचा तो हॉल पुरा झाला; त्याच्या खर्चात गिरगावातल्या एका डॉक्टरच्याही दहा गिनी असतील, हा विचार मनात आला तेव्हा दवाखान्याची फी त्या काळी किती असेल याचा हिशेब मी नकळत करू लागलो होतो.

पाकिटातील दुसरी गोष्ट म्हणजे घड्या घातलेले एक छापील पत्रक. सभेच्या अशा आमंत्रणाला ते समन्स म्हणतात. हे १९२६ सालच्या एका सभेचे होते आणि मागच्या बाजूला त्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांची यादी होती. येथे घाई करून चालत नाही. लॉजमध्ये पदे दर वर्षी फिरतात. आज दारावर असलेला माणूस सगळे सुरळीत चालले तर काही वर्षांनी मास्टर होतो, तेव्हा १९२६ ची यादी १९२५ च्या फोटोला लावली तर सगळी नावे एकेक खुर्ची सरकतात आणि तरीही वरवर पाहता नीट बसल्यासारखी वाटतात. म्हणून मी आधी नावे बाजूला ठेवून फक्त यादीतील पद आणि फोटोतील पेहराव ताडून पाहिले. खजिनदाराचे नाव बोहरी, आणि फोटोत किल्लीवाल्याच्या डोक्यावर बोहरी पद्धतीची घट्ट बांधलेली पगडी. चिटणीस इंग्रज, आणि लेखण्यांचे ज्वेल घातलेल्या गोऱ्या गृहस्थांच्या गुडघ्यावर सोला हॅट. चॅप्लेनचे आडनाव कुलाब्याकडच्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, एका गावाला 'कर' लावून झालेले, म्हणून मी त्यांना धरून चाललो होतो आपल्यातलेच; पहिले नाव वाचले तर ते बायबलमधले निघाले. बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत ते, घरात आपल्यासारखेच मराठी बोलणारे. तीन जागा तीन वेगळ्या खुणांनी जुळल्यावर यादी याच वर्षाची आहे असे मानायला हरकत उरली नाही.

आणि यादीत पहिले नाव, मास्टरचे, पारशी होते.

मुंबईत यात नवल काही नाही. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टराच्या पुढाकाराने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघाले ते हिंदी लोकांना प्रवेश देण्याच्या हेतूनेच, आणि त्यामागे माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांची खटपट होती. त्यांना मुंबईच्या गोऱ्या लॉजांनी दार उघडले नाही तेव्हा ते पॅरिसला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. हिंदूंची वाट अधिक लांबली. तेहतीस कोटी देव मानणाऱ्याला एका विधात्यावरच्या श्रद्धेची शपथ कशी द्यायची, यावर खल चालला आणि कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना १८७२ मध्ये प्रवेश मिळेपर्यंत त्यांची कित्येक वर्षे पत्रव्यवहारात गेली. तात्यांच्या काळी हे वाद जुने झाले होते. लॉजच्या मेजावर बायबलशेजारी गीता, कुराण आणि अवेस्ताही असे. घरच्या मेजावर, म्हणजे पाटावर, गोष्ट निराळी होती: सभेनंतर सगळ्यांबरोबर जेवून आलेल्या तात्यांना पणजी आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसे, असे आत्या सांगते.

तर मास्टर पारशी, आणि गुण्या मधल्या गृहस्थांच्या गळ्यात. तरीही मी हटलो नाही. काळी गोल टोपी त्या काळी पारशीही घालत आणि आपल्याकडचे शिकलेले लोकही. तात्या त्या दिवशी मास्टरच्या जागी बसले असतील, कॉलर उसनी घेतली असेल, यादी छापताना चूक झाली असेल, अशा सबबी मी स्वतःला रात्री अकरा वाजता ऐकवत होतो. शेवटी कॉलरच्या खालचा, एप्रनच्या वरचा, जेमतेम एक सेंटिमीटरचा तुकडा पडदाभर मोठा केला. तेथे पांढऱ्या अंगरख्यावर, एकाखाली एक, कापडी बंदांच्या दोन लहान गाठी आहेत. दोन पाकळ्यांच्या, नीट ओढून बसवलेल्या. कोटाला गुंड्या असतात. बंदांच्या गाठी पारशांच्या डगलीला असतात. मग भिंतीवरचा फोटो उतरवून आणला. त्यात ना कॉलर, ना एप्रन, ना गाठी. मोठा करताना रिटचिंग करणाऱ्याने ब्रशने त्यांना बंद गळ्याचा, पाच गुंड्यांचा कोट चढवला होता, आणि टोपीच्या खाली, अगदी फिकट, पण आडव्या उजेडात स्पष्ट दिसेल असे गंध लावले होते. कामात त्याने कसूर केली नव्हती. गिऱ्हाईक डॉक्टरांचा नातू, तेव्हा डॉक्टर जसे दिसायला हवेत तसे त्याने ते करून दिले.

यादीत तात्या खालून चौथे होते: ऑर्गनिस्ट. हे वाचून मी हसलो, कारण आत्या लहानपणापासून सांगत आली आहे की तात्या लॉजमध्ये पेटी वाजवीत, आणि गुप्त मंडळींच्या सभेत पेटीचे काय काम, असे म्हणून आम्ही तिला गप्प बसवीत आलो. लॉजच्या विधीत संगीत असते आणि ते सांभाळणाऱ्याला लायरचे, म्हणजे जुन्या ग्रीक तंतुवाद्याचे ज्वेल असते. संगीत नाटकांमुळे ऑर्गन आणि पायपेटी ही वाद्ये गिरगावकरांना परकी नव्हती. आमच्या घरीही पायपेटी होती, तिचा भाता उंदरांनी खाल्ला. फोटोत दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या माणसाच्या गळ्यात मला जे इतके दिवस घोड्याच्या नालासारखे वाटत होते, त्याच्या आत तीन उभ्या रेषा आहेत. नालाला तारा नसतात.

आता अडचण अशी की या माणसाला चेहरा नाही. म्हणजे आहे, पण शटर उघडे असताना त्याने मान हलवली आणि मिशीच्या वरचा सगळा भाग धुराच्या पट्ट्यासारखा पुसला गेला. सव्वीस माणसे पुतळ्यासारखी स्थिर आणि आमचे तात्या तेवढे हललेले. भाच्याने मोठ्या उत्साहाने तो तुकडा एका अॅपमध्ये घातला आणि दहा सेकंदांत मला एक नितळ, रेखीव, टपोऱ्या डोळ्यांचा गृहस्थ आणून दाखवला. तो तात्या नाही. तो कोणीच नाही, अॅपने हजारो चेहऱ्यांची सरासरी काढून धुराच्या जागी बसवलेला मुखवटा आहे. तो फोटो घरच्या व्हॉट्सअॅप गटावर जाऊ नये म्हणून मी भाच्याला शपथ घातली. पन्नास वर्षांपूर्वी एका ब्रशने झाले ते एकदा पुरे झाले.

माझ्या कागदावर आता सत्तावीस ओळी आहेत. चार जणांपुढे 'निश्चित', सात जणांपुढे 'बहुधा' आणि सोळा जणांपुढे नुसता पेहराव आणि ज्वेल यांचे वर्णन लिहून नावाची जागा मोकळी सोडली आहे. तात्यांपुढे मी 'बहुधा' लिहिले होते. ऑर्गनिस्टचे पद एकाच माणसाकडे वर्षानुवर्षे राहू शकते, त्यामुळे ते साल ठरवायला निरुपयोगी, पण माणूस ठरवायला उपयोगी, हे लक्षात घेऊन नंतर 'निश्चित' केले, आणि दोन दिवसांनी पुन्हा 'बहुधा' केले. सध्या ते तसेच आहे.

आत्या शहाऐंशी वर्षांची आहे आणि बोरिवलीला असते. तात्या गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी टॅबलेट तिच्या पुढ्यात धरून आधी डगलीच्या गाठी दाखवल्या. तिने चष्मा वर करून, खाली करून पाहिले.

"म्हणजे इतकी वर्षं आपण पारशीबावाला खीर घालत होतो?"

"हो."

"आणि तात्या कुठायत?"

मी दुसऱ्या रांगेतला हललेला चेहरा दाखवला. ती पाहत राहिली, मग म्हणाली, "ते मान हलवल्याशिवाय बसलेत कधी? जेवतानासुद्धा ताल धरायचे." ही आठवण मी कागदावर लिहिली आहे, पण पुराव्याच्या रकान्यात नव्हे, शेजारी.

भिंतीवरचा फोटो काढावा काय, असे मी विचारले तेव्हा तिने मला जवळजवळ रागावलेच. "पन्नास वर्षं जेवू घातलंय त्यांना. आता कुठे पाठवतोस? राहू दे. शेजारी हा लाव, सगळ्यांचा. वाट्या दोन ठेवायच्या."

तात्यांचा चेहरा मोठा करता येण्यासारखा नाही, म्हणून अख्ख्या फोटोचीच प्रत काढून फ्रेमला दिली आहे आणि खाली चार बोटे कोरी जागा सोडायला सांगितली आहे. मूळ फोटोच्या पाठीवरचे काकांचे दोन शब्द मी खोडले नाहीत. त्यांच्याखाली मऊ शिसपेन्सिलीने तारीख घालून एवढेच लिहिले आहे: 'मधले तात्या नव्हेत. सोबतचा कागद पाहावा.'